वळणावर जाड होणारी रेघ

माझी लेक बोटांसाठी काम करते. कुणी विचारलं की मी असंच सांगते, कारण नीट सांगायला गेलं की समोरचा "अच्छा, कॉम्प्युटरवर" म्हणतो आणि विषय बदलतो. मुठीत मावणाऱ्या फोनवर लोकांना चित्र काढता यावं म्हणून त्या एवढ्याशा पडद्यावर काय कुठे असावं, हे ती ठरवते. रंग कुठे ठेवायचे, खोडायचं बटण कुठे, बोट टेकलं की रेघ कशी उमटावी आणि उचललं की कशी संपावी.

ऐकताना पोरखेळ वाटतो. मलाही वाटायचा. मग एकदा तिने माझ्या हातात फोन दिला आणि म्हणाली, "आई, एक मांजर काढ."

मी काढायला घेतली. मला फक्त माझं बोट दिसत होतं.

"अगं, मांजर कुठाय?"

"तुझ्या बोटाखाली. ती बाहेर काढायचा मला पगार देतात."

कागदावर पेन्सिलीचं टोक दिसतं, हात टेकायला जागा असते, जमेना तर कागद फिरवून घेता येतो. फोनवर काढणाऱ्याची पहिली अडचण त्याचं स्वतःचं बोट. त्यात कडेला बटणं ठेवावीत तर चित्राला जागा उरत नाही, आणि लपवावीत तर माणूस गांगरतो. एखादं बटण अंगठ्याच्या जरा अलीकडे आणावं का, या एका प्रश्नावर माझी लेक दिवसच्या दिवस अस्वस्थ असते. शेवटी आणते, आणि घरातलं मूल पहिल्यांदा चाललं असावं तशी सगळ्यांना बोलावून दाखवते. आम्हाला काडीचा फरक दिसत नाही. आम्ही "वा, वा" म्हणतो.

तिला लहानपणापासून लहानच जागा लागायची. चित्रकलेच्या बाईंनी शाळेत बोलावून घेतलं होतं, "हिला सांगा, पूर्ण कागद वापर. ही कोपऱ्यात काहीतरी मुंगीएवढं काढते आणि म्हणते झालं." ह्यांनी तिला मुद्दाम भला मोठा कागद आणून दिला. तिने तो घड्या घालघालून तळहाताएवढा केला आणि मग त्यावर खुशीत एक घर काढलं. खोडरबराच्या बाजूंवर, साबणाच्या वेष्टनावर, स्वतःच्या अंगठ्याच्या नखावर ती काढत बसायची. नखावर काढलेला मासा धुतला जाऊ नये म्हणून एकदा तिने आंघोळीला सरळ नकार दिला होता. पुढे अशा कामाची नोकरी असते हे कळलं तेव्हा मला वाटलं, चला, हिच्यासाठीच जगाने हा धंदा काढला.

आमच्याकडे कुणीही आलं की त्याची सुटका नसे. "काका, जरा एक गोल काढा ना. नाही, अंगठ्याने. फोन एकाच हातात धरून." काका घामाघूम होऊन बटाटा काढायचे आणि ही त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचीच नाही, अंगठ्याकडे बघायची. तो कुठपर्यंत पोचतो, कुठे अवघडतो, माणूस फोन खाली सरकवतो की मनगट वाकवतो. हे म्हणायचे, "आमच्याकडे पाहुण्याला पाण्याआधी फोन देतात. पास झाला तरच चहा."

ही सगळी गंमत ती सासरी जाण्याआधीची. सासर म्हणायचं म्हणून म्हणायचं. तिथे सासू-सासरे नव्हते, दोघांचंच घर होतं.

तिचा नवरा तिच्याच ऑफिसात गणिताची बाजू सांभाळायचा. त्याला तिथे सगळे बोरू म्हणत. उंच, बारीक, आणि बोलताना मान एका बाजूला कललेली. पहिल्यांदा तो आमच्याकडे आला तेव्हा ह्यांनी, "बोरू आहे तर दौतही लागेल, आमची मुलगी चालेल का?" असं तोंडावर विचारून लेकीला मेल्याहून मेल्यासारखं केलं होतं. तो मात्र हसला. मान कलवून म्हणाला, "शाई तीच पुरवते, बाबा. मी नुसतं लाकूड आहे." त्या वाक्यावर मी त्याला मनातल्या मनात होकार देऊन टाकला.

त्यांचं जुळलं ते एका रेघेपायी. ते नीट सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

साध्या फोनच्या पडद्याला दाब कळत नाही. तुम्ही बोट हलकं टेकलं की जोर देऊन, त्याला समजत नाही. त्याला दोनच गोष्टी कळतात, बोट कुठे आहे आणि किती वेगाने सरकतंय. त्यामुळे रेघ सगळीकडे सारखी येते, दोरा ताणून ठेवल्यासारखी. लेकीला हाताची रेघ हवी होती, कुठे जाड, कुठे बारीक. त्यासाठी कुणातरी एका माणसाचा हात मापायचा, त्याच्याकडून शेकड्यांनी रेघा काढून घ्यायच्या, तो कुठे रेंगाळतो, कुठे सुटतो हे टिपायचं आणि तीच चाल ॲपमधल्या ब्रशला शिकवायची, असं तिने ठरवलं. मग कुणीही बोट फिरवलं तरी रेघ त्या एका माणसाच्या हातासारखी चालणार.

ऑफिसात सगळे कामात. बोरू तेवढा रिकामा होता, कारण तो सायकलवरून पडला होता आणि त्याच्या उजव्या मनगटाचं प्लास्टर नुकतंच निघालं होतं. टाइप करता येत नव्हतं. ही त्याला म्हणाली, "नाहीतरी तू निरुद्योगी आहेस. बस इथे, रेघा काढ."

तो काढत राहिला. मनगट दुखायचं, म्हणून प्रत्येक वळणाआधी त्याचा हात किंचित दबकायचा, थांबल्यासारखा व्हायचा, आणि वळण पार पडलं की सुटका झाल्यासारखा पुढे जायचा. रेघ वळणावर जाड होई, मग हळूहळू बारीक, आणि शेवटी बोट उचलताना एक नाजूक शेपूट. ही शेजारी बसून बघत होती. बघता बघता पुढे काय झालं ते तिने मला कधी सांगितलं नाही, पण घरी आल्यावर म्हणाली होती, "आई, तो प्रत्येक वळणावर विचार करतो." मी म्हटलं, "बरंय. तू एकाही वळणावर करत नाहीस."

तो ब्रश लोकांना फार आवडला. कुठली कुठली माणसं त्याने आपली मुलं काढायची, कुत्री काढायची, खिडकीतलं झाड काढायची. लेक मला दाखवायची आणि म्हणायची, बघ, हे झाड बोरूने काढल्यासारखं दिसतंय की नाही? तेव्हा ते गोड वाटायचं.

मग तो निघून गेला. भांडण नाही, आरडाओरडा नाही, तिसरं माणूस नाही. असतं तर बोटं मोडायला मला कुणीतरी मिळालं असतं. एका संध्याकाळी म्हणाला, "तुझं काहीच चुकलेलं नाही. मला असं राहायचं नाहीये." तिने विचारलं, असं म्हणजे कसं? त्याला सांगता आलं नाही. दुसऱ्या नोकरीच्या निमित्ताने तो शहराच्या पार दुसऱ्या टोकाला राहायला गेला आणि ती आमच्याकडे परत आली. कायदेशीर काही झालं नव्हतं. त्याने विषय काढला की ती म्हणायची, बघू.

पुढच्या खोलीत खिडकीशी तिने टेबल मांडलं. समोर सायकल दुरुस्तीचं दुकान, त्यांची हवा भरायची फसफस दिवसभर. टेबलावर जुने-नवे फोन ओळीने, काहींच्या काचा तडकलेल्या. "असेच फोन असतात लोकांचे, आई. चकचकीत फोनवर सगळंच चांगलं दिसतं." काम ती करत होती. जेवत नव्हती. म्हणजे ताटावर बसायची, भाजी एका बाजूने दुसऱ्या बाजूला नेऊन ठेवायची. तिच्या खोलीपुढून जाताना माझी पावलं आपोआप हळू व्हायची. आत नुसती शांतता असली तरी जीव टांगणीला, आणि खुर्ची सरकल्याचा आवाज आला तरी टांगणीला.

"तिला जरा मोकळं सोड," हे म्हणायचे.

"सोडलंय की. दारापाशी तर उभी होते."

"दाराला पण मोकळं सोड."

एक दिवस ती स्वयंपाकघरात आली ती जवळजवळ धावतच. मी ओट्यापाशी होते. फोन माझ्या नाकासमोर धरून म्हणाली, "हे बघ."

एक नकाशा होता. बोटाने काढलेला. बसथांबा, एक वळण, दवाखाना, दुसरं वळण, आणि शेवटी एक चौकोनी घर. बोरूची पुस्तकांची खोकी अजून तिच्याकडे होती, ती टेम्पोने पाठवायची होती. टेम्पोवाल्याला घर सापडावं म्हणून त्याने रस्ता काढून पाठवला होता. त्याच ॲपमध्ये, त्याच ब्रशने.

"रस्ता आहे," मी म्हटलं.

"रस्ता नको बघूस गं. रेघ बघ." तिने दोन बोटांनी चित्र मोठं केलं. "इथे वळणावर जाड झालीय, दिसतंय? थांबलाय तो. इथे पुन्हा. आणि हे घर. प्रत्येक कोपऱ्यावर थांबलाय. आणि दार, दाराशी तर बघ ना, किती वेळ बोट ठेवून होता."

मी चष्मा लावून बघितलं. खरंच, रेघ दाराशी अगदी जड झाली होती, पाय निघत नसल्यासारखी.

"सुखात असलेला माणूस असं काढत नाही, आई. मी आजवर हजारो लोकांच्या रेघा बघितल्यात. माणूस तोंडाने काहीही बोलतो. हात नाही लपवत."

कॉलेजात प्रयोगशाळेत उभी राहून आकडे घेतलेली बाई मी. अंदाजावर उडी मारू नये एवढं मला कळतं. पण त्या दिवशी ती पोटभर जेवली. वर आणखी भात मागितला. मग मीही त्या रेघेवर विश्वास ठेवला. आईला पुरावा लागतो तो एवढाच.

ऑफिसातल्या तिच्या वरच्या बाईंचा त्याच सुमारास निरोप आला होता. नवे पडदे बोटाची चाल आणखी बारकाईने टिपतात, जुनी मापं त्यांच्यावर ताणली की रेघ उसवल्यासारखी दिसते, तेव्हा ब्रशसाठी पुन्हा हात मापून घ्या. कुणाचाही चालेल, असं बाई म्हणाल्या होत्या. लेक म्हणाली, कुणाचा चालणार नाही, तोच हात हवा, नाहीतर लोकांच्या लक्षात येईल. खोटं नव्हतं ते. पूर्ण खरंही नव्हतं, आणि ते तिला, मला आणि ह्यांना, तिघांनाही माहीत होतं. तिने त्याला फोन केला. तो लगेच म्हणाला, येतो की, रविवारी सकाळी येतो.

"बघ, लगेच हो म्हणाला," ती म्हणाली.

रविवारी तिने केस धुतले. मी पडदे झटकले, टेबलावरचे फोन पुसले, मग तिने ते पुन्हा हवे तसे लावले. हे पेपर उलटा धरून बसले होते.

"अहो, पेपर."

"माहितीये. सरळ वाचून काही उपयोग होत नव्हता, म्हणून असा बघतोय."

तो वेळेवर आला. हातात संत्र्यांची पिशवी. दार मी उघडलं आणि पहिलं काय दिसलं, तर तो भरला होता. गाल वर आले होते. शर्ट गडद हिरवा, असला रंग तो कधी घालायचा नाही. दुःखात माणूस वाळतो, निदान चुरगळतो तरी. हा इस्त्री केल्यासारखा दिसत होता. मी तो विचार पटकन बाजूला सारला.

"आई, कशा आहात?"

"बरी आहे रे. ये."

"या, बसा," हे म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांनी त्याला कधी अहो-जाहो केलं नव्हतं. तो जरा थबकला, मग बसला.

लेकीने त्याला खिडकीशी बसवलं. स्वतः शेजारी, डाव्या बाजूला, पहिल्या वेळी बसली असेल तशीच. मी स्वयंपाकघरात गेले आणि दार उघडं ठेवलं. मला सगळं ऐकू येत होतं, आणि दिसतही होतं.

मापताना ब्रश बंद ठेवतात. तेव्हाच्या रेघेला ते कोरी रेघ म्हणतात. बोट जसं गेलं तशी उमटते, वरून काही चढवलेलं नसतं.

"आधी सरळ. मग गोल. मग डोंगर काढतो तशी."

"आठवतंय मला," तो म्हणाला आणि काढायला लागला.

बोट झरझर फिरलं. गोल, पुन्हा गोल, डोंगर.

"थोडं हळू."

"हळूच काढतोय गं."

"नेहमीसारखं काढ ना."

"हेच नेहमीसारखं. का, चुकतंय?"

"चुकत नाहीये." ती पडद्याकडे बघत होती. "मनगट दुखत नाही?"

"छे, ते कधीच गेलं. आता रोज सकाळी बॅडमिंटन खेळायला जातो."

"तू?"

"म्हणजे खेळता फारसं येत नाही. पण आमची टोळी आहे एक. मला मुद्दाम हरवायला बोलावतात."

"तुला सकाळी उठवायला मला भांडी आपटावी लागायची."

"हो ना!" तो मोकळेपणाने हसला. "आता आपोआप जाग येते. गंमतच आहे."

ती हसली नाही. दुसरा फोन त्याच्यापुढे सरकवला. त्यावरही तेच. मग आणखी एक, तडकलेल्या काचेचा. त्यावर लोक बिचकतात, बोट कापेल की काय म्हणून. तो बिचकला नाही. मी चहा घेऊन गेले तेव्हा पडद्यावर बघितलं. गोलच गोल, एकसारखे, गुळगुळीत, नळातून धार यावी तसे. मला चित्रातलं काही कळत नाही, पण तिच्या मानेवरून कळत होतं. ती मान ताठ ठेवून बसली होती, भरलेला हंडा डोक्यावर असल्यासारखी.

"एक शेवटचं," ती म्हणाली. "तो नकाशा काढ. घराचा. पाठवला होतास तो."

"कुठला? अच्छा, खोक्यांचा!" त्याने फोन उचलला आणि आमच्यादेखत काढला. थांबा, वळण, दवाखाना, वळण, घर, दार. बोट एकदाही रेंगाळलं नाही. दार तर त्याने एका फटक्यात काढलं, जाता जाता.

"असा नव्हता तो," ती हळू म्हणाली.

"तो तर मी बसमध्ये उभ्याने काढला होता. एका हातात दांडी, मागून धक्के, आणि तो टेम्पोवाला सारखा फोन करतोय." तो चहाचा घोट घेत म्हणाला, "तरी काय सुंदर आला होता, नाही? ती तुझी कमाल. तुझ्या ब्रशने कसंही खरडलं तरी जीव ओतून काढल्यासारखं दिसतं."

कौतुकच करत होता तो. मनापासून. मी ट्रे हातात धरून तशीच उभी राहिले. हे पेपरमागे होते, पेपर हलत नव्हता.

लेकीने फोन एकावर एक रचले. "झालं. थँक्यू," म्हणाली.

"एवढ्यात? मला वाटलं दुपार जाईल."

"नाही. पुरे आहे एवढं."

निघताना दाराशी तो घुटमळला. तेवढा मात्र घुटमळला. "ते कागदांचं," तो तिला म्हणाला. "घाई नाही हं. तुला जमेल तेव्हा."

"पाठव," ती म्हणाली. "या आठवड्यात पाठव."

त्याच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरलं. सुटकाच होती ती, आणि ती दिसू नये म्हणून बिचाऱ्याने किती घाईघाईने मान खाली घातली. मग माझ्याकडे वळून, "आई, ती जेवते ना नीट?"

"जेवते," मी म्हटलं.

तो जिना उतरला. हलका, दोन-दोन पायऱ्या. माणूस वाईट नाही, हेच तर वाईट आहे. वाईट असता तर मी आता इथे चार शिव्या लिहून मोकळी झाले असते.

मी आत आले तेव्हा ती टेबलाशीच होती. मला वाटलं रडेल. मी पदर सावरून जवळ गेले, खांद्यावर हात ठेवला. ती म्हणाली, "आई, बस. नकाशा काढ. त्याचा नको, आपल्या घरापासून कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतचा काढ."

"आत्ता?"

"काढ ना."

तिने ब्रश चालू करून फोन पुढे केला. मी काढला. आमचं घर, गल्लीचं वळण, दुकान. माझं बोट तसं भरभर पुढे गेलं, मला ते एकदाचं संपवून तिला जवळ घ्यायचं होतं. बोट उचललं आणि बघितलं. वळणावर रेघ जाड झाली होती. दुकानाच्या कोपऱ्यांवर जाड. दाराशी अगदी जड, पाय निघत नसल्यासारखी.

"बघ," ती म्हणाली. "तूही थांबलीस."

"मी कुठे थांबले गं? मी नाही थांबले."

"तेच."

तिने फोन माझ्या हातातून काढून घेतला.

"मीच बसवलंय ते त्यात," ती म्हणाली. "कुणीही काढलं तरी येतं. शेंबड्या पोराने काढलं तरी येतं. जगात आणखी कुणी फसलं असतं तर मी हसले असते, आई. बोट खाली ओढलं असतं तर त्या नकाशाची कोरी रेघ दिसली असती. ॲपमध्ये असते ती, खालच्या थरात. मीच ठेवलीय तिथे. एकदासुद्धा बघितली नाही मी."

"बघावंसं वाटलं नसेल."

"नाही वाटलं," ती म्हणाली. आणि मग रडली. फार नाही. ह्यांनी पेपर खाली ठेवला, उठून तिच्यापाशी आले आणि संत्रं सोलायला लागले. एक-एक फोड तिच्या हातावर ठेवत गेले. ती खात गेली. तिला त्यातली चव कळली असेल असं वाटत नाही.

नवी मापं तिने ऑफिसात पाठवली. वरच्या बाईंचं उत्तर आलं, की रेघ स्वच्छ आहे, पण तिच्यात काही नाही, लोकांना जुनीच आवडते, तर जुनीच नव्या पडद्यांसाठी हाताने दुरुस्त करून घ्या. म्हणजे काय, तर आता माझी लेक रोज सकाळी टेबलाशी बसते आणि दुखऱ्या मनगटाची ती एक-एक दबक मोठी करून बघते. कुठे उसवली असेल तिथे जोडते. वळणाआधी किती थांबायचं, वळणानंतर किती सैल सोडायचं. जो हात आता कुठेच नाही, त्याची चाल ती इतरांसाठी नीट करते आहे. मी म्हटलं, दुसऱ्या कुणाला देत का नाहीत हे काम? सुट्टी घे, नाही म्हणून सांग. ती म्हणाली, "आई, दुसऱ्या कुणी केलं तर बिघडेल." एवढंच. आवाजात काही नव्हतं.

एकदा न राहवून मी म्हटलं, मला ते सगळे फोन उचलून खाली फेकावेसे वाटतात.

"तडकलेले फेक," ती म्हणाली. "नवे ऑफिसचे आहेत." आम्ही दोघी जराशा हसलो. नंतर ती लगेच कामाकडे वळली.

कागद आले. तिने सह्या केल्या. पेन चालेना म्हणून ह्यांचं घेतलं, आणि आठवणीने परत केलं.

आता ती वेळेवर जेवते. ताटात वाढलेलं सगळं संपवते, ताट उचलून नेते, विसळते. सांगितलेल्या वेळी झोपते. मी "स्वेटर घाल" म्हटलं की घालते. हे म्हणतात, सावरतेय, बघ. मान हलवते मी. वाट बघत होती तोवर ती माझ्यावर चिडत होती, दार आपटत होती, फोन वाजला की ताटावरून उठून धावत होती, ह्यांच्या फालतू विनोदावर "बाबा, प्लीज" म्हणून ओरडत होती. नको तेव्हा अंगात येऊन कपाट आवरत होती, कुणीतरी येणार असल्यासारखं. जेवत नव्हती, पण होती. मी रोज देवाकडे मागत होते की हिचं हे वाट बघणं एकदा संपू दे. ते संपलं, आणि माझ्या हाती ही शहाणी, शांत, परकी मुलगी आली.

आज संध्याकाळी आम्ही तिघं जेवत होतो. आतल्या खोलीत तिचा फोन वाजायला लागला. ह्यांचा घास हातातच राहिला, माझं लक्ष तिच्याकडे. पूर्ण रिंग वाजून फोन थांबला. ती पाण्याचा ग्लास भरत होती. तिने मान वर केली नाही. म्हणाली, "आई, तुला पाणी?"